मोटार हवा घेतीया

कॅनिस्टर फिल्टर विकताना दुकानदार पाण्याबद्दल फारसं बोलत नाही, आवाजाबद्दल बोलतो. "साहेब, हॉलमध्ये लावा, शेजारी गादी टाकून झोपा, चालू आहे की बंद ते कळणार नाही." चालू वस्तू चालू आहे हे कळू नये म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे, ही कल्पना आपल्याकडे सहजी पचत नाही. मिक्सर ओरडला नाही तर चटणी वाटली गेली यावर आपला विश्वास बसत नाही आणि पंखा खडखडल्याशिवाय वारा लागत नाही. तरीही माणसं कॅनिस्टर घेतात. टाकीतल्या सगळ्या माशांच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे देऊन घेतात आणि घरी 'सेलमध्ये मिळाला' असं सांगतात.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिशटँकच्या खालच्या कपाटात ठेवायचा हा एक बंद डबा. टाकीतून एक नळी खाली डब्यात येते, डब्यातून दुसरी वर टाकीत जाते. खाली येताना पाणी आपल्या वजनाने येतं, त्याला कोणी ओढावं लागत नाही. डब्यात ते तळापासून वर चढतं. आधी जाडा स्पंज, मग बारीक, मग सिरॅमिकच्या बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, ज्यांना दुकानात रिंग म्हणतात. वरच्या झाकणात चुंबकावर फिरणारा अंगठ्याएवढा इम्पेलर असतो, तो पाणी परत वर ढकलतो. जर्मनीच्या आइहाइम कंपनीने १९६० च्या दशकात असा डबा घरोघरच्या टाक्यांखाली नेला आणि आतली मांडणी आजही जवळपास तीच आहे.

त्या रिंगांवर जिवाणूंची वस्ती होते. माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचं एक प्रकारचे जिवाणू नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना विषासारखी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. म्हणजे आपण एंजल आणि टेट्रा पाळतोय असं आपल्याला वाटतं खरं, पण पाळावे लागतात ते जिवाणू. मासे ही त्यांच्या जेवणाची सोय. आमच्या सोसायटीबाहेरच्या नाल्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी आहेत. त्यांना स्पंज नाही, रिंग नाहीत, वॉरंटी कार्ड नाही, आणि त्यांचा वंश जोरात वाढतो आहे. पण हा विषय घरात निघू द्यायचा नसतो.

तर आमच्या कॅनिस्टरने काही महिने शब्द पाळला. मग एका रात्री, टीव्ही बंद झाल्यावर, कपाटातून 'घर्रर्र' असा आवाज आला. पाठोपाठ 'खळ्ळ'. मग नळीतून काहीतरी वर सरकत गेल्यासारखं वाटलं आणि पाणी परत सोडणाऱ्या आडव्या नळीच्या टोकाकडच्या भोकांतून पांढऱ्या बारीक बुडबुड्यांचा लोट 'फुस्स' करून टाकीत शिरला. दोन्ही एंजल खाणं पडलं असं समजून तिकडे धावले, बुडबुडे तोंडात धरून बघितले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. काचेला चिकटलेला सकर जागचा हलला नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा घर्रर्र, खळ्ळ, फुस्स. ढेकर देणाऱ्या माणसाशेजारी बसल्यावर पुढचा ढेकर कधी येतो याचीच वाट बघत राहावं लागतं. तसं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन केला. "हवा राहिली असेल आत. दोन दिवस चालू द्या, सेट होईल." आपल्याकडे चपलेपासून जावयापर्यंत सगळ्याला हेच उत्तर आहे. पण तो अगदीच खोटं बोलत नव्हता. डबा उघडून धुतला की स्पंजात आणि रिंगांच्या फटीत हवा अडकते, आणि नंतर एखादा दिवस ती थोडी थोडी सुटत राहते. तिला लवकर बाहेर काढायचं तर फिल्टर चालू ठेवून डबा हळूहळू एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलता करायचा. अडकलेली हवा वर इम्पेलरपर्यंत येते आणि एकदम मोठा ढेकर देऊन निघून जाते. कपाटात अर्धं शरीर घालून, डब्याला मिठी मारून, तो असा डावी-उजवीकडे करताना आमच्या सौभाग्यवती मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या पोराला कधी असं झुलवलं नाहीत."

हवा निघाली. दोन दिवस उलटले, चार उलटले, आणि घर्रर्र काही थांबेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्या समाजात बुडबुड्यांचाही मानपान आहे.

थंडीत टाकीचं थोडं पाणी बदललं की तासाभरात काचेवर, दगडांवर, पानांवर, अगदी माशांच्या अंगावरही चांदीच्या टिकल्या लागल्यासारखे बुडबुडे बसतात. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो. १५ अंशांना एका लिटरमध्ये साधारण दहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना आठच्या थोडा वर. डिसेंबरमधलं पुण्याच्या नळाचं पाणी उबदार टाकीत पडलं की जास्तीचा वायू बाहेर येतो. हे पाहुणे दुपारपर्यंत जातात, त्यांना कोणी काही बोलत नाही. दुसरे बुडबुडे पाणवनस्पतींचे. चांगला उजेड असेल तर व्हॅलिस्नेरियाच्या पात्यावरून दुपारी ऑक्सिजनचे बुडबुडे मण्यांच्या माळेसारखे वर जातात. त्यांचे तर लोक फोटो काढतात. ते दिसावेत म्हणून महागडे दिवे घेतात, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणतात. आणि तोच बुडबुडा फिल्टरमधून आला की माणूस रात्री बॅटरी घेऊन कपाटात शिरतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर बुडबुड्यांना थेट शुभ ठरवलं. त्यांच्या टाकीत आठ सोनेरी आणि एक काळा मासा आहे, टाकी ईशान्येला आहे, आणि एखादा मासा मेला की 'घरावरचं संकट त्याने घेतलं' असं म्हणून ते लगेच दुसरा आणतात. (त्यांच्यावर संकटं फार येतात. टाकीला फिल्टर नाही.) "वर चढणारं पाणी, वर चढणारी हवा, भरभराटीचं लक्षण आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, भरभराट दिवसा झाली तर बरं होईल, आम्हाला सकाळी उठायचं असतं.

पुस्तिकेत लिहिलं होतं: पाणी घेणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी तपासा. हा सल्ला चांगला आहे, आणि रोग जुना आहे. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून, वनस्पती आणि मासे एकमेकांना कसे जगवतात ते बघितलं. सगळं ठीक चाललं, पण सडकी पानं पाणी घाण करू लागली. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी सडकी पानं खाल्ली आणि तोल साधला. ना डबा, ना नळी, ना बुडबुडे. आमच्या टाकीतही व्हॅलिस्नेरिया आहे, गोगलगायीही आहेत, पण त्या सडकी पानं खाण्याऐवजी ती घेऊन जाळीपाशी जातात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. जाळी तुंबली की पाणी पुरेसं आत येत नाही, पंप मात्र ढकलत राहतो, आणि नळीतला दाब घसरतो. मी जाळी काढली, गोगलगायींना बाहेर काढलं, पानं ओढली. घर्रर्र कमी झालं. गेलं नाही.

जाळीनंतर स्पंज. स्पंज नळाखाली धुवायचा नसतो, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा. ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद आहे आणि घरात समजावून सांगायला अशक्य. बाल्कनीत बादलीभर पिवळट पाण्यात चॉकलेटी स्पंज पिळून 'झाला स्वच्छ' असं म्हणणाऱ्या नवऱ्याकडे बायको कशी बघते हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. "अहो, घाण पाण्यात धुऊन घाण स्पंज स्वच्छ होतो, तर मी कपडे मशीनमध्ये कशाला टाकते?" यावर नायट्रोसोमोनास हा शब्द उच्चारून काही उपयोग होत नाही.

मग आली ओ-रिंग. डब्याच्या झाकणाखाली रबराची गोल रिंग असते, तिच्यावर एक केस जरी अडकला तरी झाकण नीट बसत नाही. रबर कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन ग्रीस लावायचं. सिलिकॉन ग्रीस घरात नसतं. पेट्रोलियम जेली असते, आणि ती लावायची नसते, कारण काही प्रकारचं रबर पेट्रोलियमने फुगतं आणि सैल होतं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या, त्यांनी खोबरेल तेल सुचवलं. सौभाग्यवतींचा उपाय मात्र अनुभवातून आलेला होता: "फ्रीजरमध्ये ठेवा रात्रभर. कुकरची रिंग मी तशीच ठेवते, वर्षभर जास्त टिकते." महाराष्ट्रात घरटी एक माणूस गॅस्केट या विषयातला जाणकार असतो आणि तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असतो, हे मान्य करायलाच हवं. पण कुकर सरळ स्वभावाचा आहे. आत दाब, बाहेर आपण. रिंग गेली की बाजूने वाफ येते, शिट्टी होत नाही, भात कच्चा राहतो, गुन्हा सिद्ध. कॅनिस्टर तसा नाही.

दुकानदाराने फोनवर मुद्द्याचा प्रश्न विचारला. "साहेब, गळतंय का?" मी रात्री डब्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी ते कोरडं ठणठणीत होतं. अग्रलेखसुद्धा वाचता येत होता. "मग सील बरोबर आहे," तो म्हणाला. "पाणी बाहेर येत नाही, तर हवा आत कशी जाईल?" या प्रश्नापुढे मी गप्प झालो. हा प्रश्न इतका बिनतोड वाटतो की फिशटँकवाल्यांच्या पिढ्या याच्यापुढे गप्प झालेल्या आहेत.

त्यात गुरुवार. आमच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी काही तास वीज जाते. पूर्वी वीज आली की फिल्टर मुकाट चालू व्हायचा. आता वीज येई, डबा गुणगुणे आणि पाणी मात्र येत नसे. झाकणावरचं बटण दाबून दाबून पाणी पुन्हा भरावं लागे. ही बाब गंभीर होती, कारण बंद डब्यातल्या जिवाणूंना ऑक्सिजन पाण्याबरोबरच मिळतो. पाणी काही तास थांबलं की ते गुदमरतात. एरवी मासे सुरक्षित होते, एवढं सांगायला हवं. फिल्टरच्या बुडबुड्यांनी माशांना बहुधा काही होत नाही. पाण्यात दाबाखाली वायू फार विरघळला तर डोळ्यांत आणि परांत बुडबुडे धरणारा एक आजार होतो, तो मत्स्यबीज केंद्रांना ठाऊक असतो, घरच्या टाकीत क्वचितच. त्रास होतो तो इम्पेलरला, कारण हवा आली की तो दांड्यावर आपटतो, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना.

अशा वेळी बापूमामा आले. फलटणजवळच्या गावातून, डोळ्याच्या तपासणीला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डोळ्यांवर हिरवा चष्मा, गळ्यात तुळशीची माळ, हातात पिशवी आणि पिशवीत आमच्यासाठी डाळिंबं. सोफ्यावर बसले, चहा घेतला. मासे दाखवायला मुलगा त्यांना टाकीजवळ नेऊ लागला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मला काय आत्ता दिसतंय." कपाटातून घर्रर्र झालं. मामांनी कप खाली ठेवला. खळ्ळ झालं. मामांनी मान वाकडी केली. फुस्स झालं.

"आरं," मामा म्हणाले, "तुजी मोटार हवा घेतीया."

मी त्यांना समजावू लागलो की ही मोटार म्हणजे तशी मोटार नव्हे, जर्मन रचनेचा, चुंबकावर चालणारा... "मोटार ती मोटार," मामा म्हणाले. "पानी तुटक येतंय का न्हाई? मदीच गुळण्या टाकतीया का न्हाई? लाइट गेल्यावर परत पानी धरत न्हाई, असं हुतंय का न्हाई?" तिन्ही उत्तरं होकारार्थी होती. दुकानदाराने यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

विहिरीच्या काठावर बसवलेल्या मोटारीशी ज्यांनी आयुष्य काढलं आहे, त्यांना हे काही नवीन नाही. मोटार वर, पाणी खाली. सक्शनचा पाइप विहिरीत सोडलेला, त्याच्या तळाला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी वर जाऊ देणारी पण परत खाली न सोडणारी झडप. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर पाइपातली हवा कमी होते आणि बाहेरची हवा विहिरीतलं पाणी वर रेटते. म्हणून असा पंप कागदोपत्रीही दहा मीटरच्या थोडं वरपर्यंतच पाणी उचलतो, शेतावर सहा-सात मीटरलाच त्याची दमछाक होते. आणि सक्शनच्या पाइपाला कुठे सुईच्या टोकाएवढं भोक असलं, की पंप पाण्याऐवजी ती फुकटची हवा घेतो. मग डिलिव्हरीच्या पाइपातून पाणी उचक्या देत येतं, पाट अर्धाच वाहतो, आणि शेवटी मोटार पाणी सोडून देते. मग बादलीने पाइप भरायचा, जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची, वरून शेण-माती लिंपायची. मामांनी हे डिझेल इंजिनच्या काळापासून केलेलं. त्यांची मुलं आता पाणबुडी मोटार मोबाइलवरून चालू करतात. ती पाण्यातच बुडालेली असल्यामुळे तिला हवा घ्यायला जागाच नाही, आणि म्हणून मुलांना ही विद्या येत नाही. मामांच्या बोलण्यात याचं दुःख होतं की अभिमान, ते हिरव्या चष्म्यामुळे कळलं नाही.

"पण मामा, गळत तर नाही कुठे," मी म्हटलं. वर्तमानपत्राची गोष्ट सांगितली.

"गळंल कसं?" मामा म्हणाले. "सक्शनची बाजू गळत नसती. ती पिती."

मी खरोखर खुर्चीत बसलो. मग कागद घेऊन आकडे मांडले. डबा टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून सुमारे एक मीटर खाली. तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी जास्त. तिथे फट असेल तर पाणी बाहेर येईल, वर्तमानपत्र भिजेल. पण पाणी घेणारी नळी टाकीच्या काठावरून वळसा घालून बाहेर पडते, आणि तो वळसा पाण्याच्या पातळीपेक्षा वर असतो. सायफनच्या त्या उंच टोकाला आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. काठ पंधरा सेंटिमीटर वर असेल तर फरक दीड टक्का. तुंबलेली जाळी असेल तर आणखी थोडा. दीड टक्का फार नाही, पण हवेला तेवढा पुरतो. तिथे फट असली तर पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. आणि वीज गेली की त्याच फटीतून हवा शिरत राहते, सायफन तुटतो, डबा पाणी सोडून देतो. वर्तमानपत्र खरं बोललं होतं, पण खालच्या मजल्याबद्दल. आमची ओ-रिंग तर अगदीच निरपराध निघाली. उगाच तिला ग्रीस चोपडलं आणि फ्रीजरची धमकी दिली.

त्यात मे महिना. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या टाकीची पातळी आठवड्याला बोटभर तरी उतरते. पाणी उतरलं की टाकीच्या आतला, एरवी बुडालेला जोडही उघडा पडतो. त्यामुळे पाणी घातलं की एक-दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा सुरू. हे आम्हाला डॉक्टरी औषधासारखं वाटत होतं.

"फडकं दे एक. वलं कर," मामा सोफ्यावरूनच म्हणाले. सौभाग्यवतींनी जुन्या बनियनचा तुकडा भिजवून आणला. उपाय असा: ज्या जोडाचा संशय येईल त्यावर ओलं फडकं गुंडाळून धरायचं. फट असेल तर ती हवेऐवजी फडक्यातलं पाणी ओढते आणि आवाज थांबतो. मी कपाटात शिरलो. आधी झाकणाचा जोड. मामा कान देऊन बसले. घर्रर्र. "त्यो न्हाई." मग चावीचा. खळ्ळ. "त्यो बी न्हाई. वर जा." मग टाकीच्या काठावर, जिथे कडक प्लास्टिकच्या वळणाला रबरी नळी चढवून नटने आवळलेली असते तिथे. फडकं धरलं. आम्ही सगळे गप्प. एक मिनिट गेलं. एंजल बुडबुड्यांची वाट बघून कंटाळले आणि वळले.

"सोड," मामा म्हणाले.

फडकं सोडलं. घर्रर्र.

"धर."

शांतता.

"सोड."

फुस्स. मुलाला हा खेळ इतका आवडला की त्याने फडकं माझ्या हातातून घेतलं आणि पुढची दहा मिनिटं मामा आणि तो धर-सोड करत बसले. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कळलं ना आता? मग बंद करा ते."

नळीचं टोक कडक पडलं होतं. नटच्या दाबाने ते एका बाजूला चपटं होऊन तिथे केसाएवढी फट राहिली होती. इंचभर टोक कापलं, नवं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, वळणावर पूर्ण चढवलं, नट हाताने आवळला. एवढंच. मामांचं समाधान मात्र झालं नाही. "ट्यूबची पट्टी मार वरनं." गाड्या ठेवायच्या जागेत वॉचमनची सायकल आहे, त्याने पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणून दिली. आता आमच्या टाकीच्या काठावर, पॉलिश केलेल्या लाकडाच्या आणि स्वच्छ काचेच्या बरोबर मध्ये, काळी ट्यूब तीन वेढे देऊन बांधलेली आहे. शेण मात्र लिंपलं नाही. सोसायटीत मिळत नाही, एवढ्याच कारणासाठी.

कॅनिस्टर गप्प झाला. इतका गप्प की पाणी फिरतंय की नाही ते बघायला मी पाण्यावर माशांच्या खाण्याचा एक दाणा टाकायचो. तो हळूहळू सरकायचा. मामा गावी गेले. आणि मग एक नवीनच अडचण उभी राहिली. घरी येणारा प्रत्येक जण टाकीकडे बघून म्हणायचा, "बंद आहे का हो फिल्टर? बुडबुडे नाहीत." मी सांगायचो की माशांना ऑक्सिजन बुडबुड्यांतून फारसा मिळत नाही, तो पाण्याचा पृष्ठभाग हलल्यामुळे हवेतून मिळतो, आणि तो हलतोय, बघा. ते बघायचे आणि म्हणायचे, "पण बुडबुडे असते तर बरं दिसलं असतं." सासूबाईंना तर रात्री माशांच्या काळजीने झोप येईना. "बिचारे श्वास कसे घेत असतील," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा काही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी फिरायला गेल्या त्या दुकानातून एक छोटा एअर पंप, पारदर्शक नळी आणि निळा एअर स्टोन घेऊन आल्या. दुकानदार तोच, 'सेट होईल' म्हणून सांगणारा. त्यांनी स्वतःच्या हाताने तो दगड टाकीत सोडला. दिसायला छान जागा बघितली: मागच्या कोपऱ्यात, पाणी घेणाऱ्या जाळीच्या बरोबर खाली.

टाकी बुडबुड्यांनी भरून गेली. घरात सगळ्यांना आनंद झाला. रात्री टीव्ही बंद झाला आणि कपाटातून घर्रर्र आलं.

मी काही बोलायच्या आत सौभाग्यवतींनी फलटणला फोन लावला होता.

"मामा, मोटार परत हवा घेतेय."

"जोड बघितला का?"

"बघितला. ओलं फडकं लावलं. काही फरक नाही. ट्यूब पण घट्ट आहे."

"मग इहिरीत काय पडलंय का?"

सौभाग्यवतींनी एअर पंपाची हकीकत सांगितली. हवा सोडायचं यंत्र असतं, विजेवर चालतं, पाण्यात बुडबुडे येतात, मासे खूश राहतात. आईने आणलंय.

"म्हंजी एक मशीन इहिरीत हवा सोडाया," मामा म्हणाले, "आन् दुसरं ती प्याया. आन् दोन्हीचं बिल जावईबापू भरत्यात."

"हो ना."

"सूनबाई, म्या माळकरी हाय," मामा म्हणाले. "न्हाईतर सरळ सांगितलं असतं, कालवण करा आन् मोकळं व्हा."